यादीतलं शेवटचं नाव

ऑफिसात तिला सगळे कंसबाई म्हणत. आरोग्य कार्डाच्या वेबसाइटचा कोड अकरा वर्षं तीच सांभाळत होती. कुणी नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी बजावायची, "कुटुंबातल्या नावांच्या रकान्यापुढचे चौकोनी कंस काढायचे नाहीत." कंस असले तर सर्व्हर सगळी नावं यादी म्हणून घेतो. नसले तर दुसरं नाव पहिल्याला पुसतं, तिसरं दुसऱ्याला, आणि हाती उरतं फक्त शेवटचं.

साहेबांचा भाचा डिझायनर म्हणून चिकटला, त्यालाही तिने हे सांगितलं होतं. त्याने मान डोलावली. पुढे ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजेवर गेली, तेव्हा पान देखणं करायच्या नादात त्याने कंस उडवले.

"कंस आणि भाचा, यांचं कधी पटलंय का?" शेजारचा कारकून म्हणाला. तिला हसू आलं नाही. चार दिवसांत सहा हजार कुटुंबांनी फॉर्म भरले होते, आणि प्रत्येक कुटुंबात एकच माणूस उरला होता.

"सेशनमधून काढा ना परत," साहेब म्हणाले. "भरणाऱ्याची माहिती सर्व्हर जवळ ठेवतो, असं तुम्हीच सांगता."

"ठेवतो, साहेब, पण वीस मिनिटं. आणि त्यातही एकच नाव पोचलं होतं. जे आलंच नाही ते काढू कुठून?"

"मग लोकांना पुन्हा भरायला सांगा. चूक कुणाची ते नंतर बघू."

नंतर बघितलं ते असं, की मेमो तिच्या नावाने निघाला. कोड तिचा, म्हणून चूकही तिची. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तीन आठवडे ती घरोघरी फोन करत बसली. उरलेली नावं वाचता वाचता तिला कळत गेलं, की लोक आधी स्वतःला लिहितात, मग बायको, मग मुलं. शेवटी येते ती अंथरुणाला खिळलेली म्हातारी, नाहीतर माहेरी परतलेली बहीण.

"तुमच्या कार्डावर फक्त तुमच्या आत्या आहेत," तिने एकाला सांगितलं.

"ती एकटीच कशी राहिली?" तो वैतागला. "तिला तर आठवण झाल्यावर घातली होती!"

घटस्फोटानंतर चौदा वर्षं कंसबाई स्वतःही भावाकडे राहत होती. त्यानेही त्याच आठवड्यात फॉर्म भरला होता. न राहवून तिने तो उघडला. आपलंच नाव असणार, याची तिला खात्री होती. नाव आईचं होतं. दिवसभर तिला बरं वाटत राहिलं, आणि बरं वाटतंय याची लाजही.

भावाने फॉर्म पुन्हा भरला. आता यादी पूर्ण आली: तो, वहिनी, दोन मुलं, आई. पाच नावं.

जेवताना तिने विचारलं, "दादा, माझं नाव राहिलं का रे?"

"राहिलं नाही गं. त्यात कुटुंब विचारलंय. तुझं ऑफिसातून होत असेल की."

वहिनी ताटं उचलायला लागली. आई ऐकूच न आल्यासारखी बसून राहिली. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं, कानाचं नव्हतं.

महिन्याभरात तिने ऑफिसजवळ एक खोली घेतली. सामान दोन खेपांत हललं. कुणी थांब म्हणालं नाही.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. "अगं, आईच्या डोळ्यात थेंब कोण घालणार? हिला जमत नाही, आणि आई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

संध्याकाळी ती गेली, चप्पल दारातच काढून आईच्या खाटेपाशी बसली, डोळ्यात थेंब घातले, बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"चहा टाकते," वहिनी म्हणाली.

"नको," ती म्हणाली, आणि निघाली.