सदर गावी दवाखाना नाही

सरकारला प्रश्न विचारणं ही आमच्या भागात माझी मक्तेदारी होती. घरात प्रश्न बायको विचारायची आणि मी उत्तर टाळायचो, ती गोष्ट वेगळी.

नव्वदीतली वर्षं होती. तालुक्याच्या गावी, केजमध्ये, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले होते आणि एका बूथवर फॅक्सचं यंत्रही आलं होतं. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. शाळा सुटली की आमच्या आमदारांच्या कचेरीत बसून त्यांचे विधानसभेतले प्रश्न लिहून द्यायचो. बहुतेक अतारांकित, म्हणजे ज्यांची उत्तरं सभागृहात तोंडी देत नाहीत, लेखी छापून येतात. दवाखाने, शाळेतला खाऊ, विधवांचे अर्ज, असले विषय. छापून येताना नाव अर्थात साहेबांचं, पण अधिकाऱ्यांना घाम फोडणारी भाषा माझी, हे तालुक्याला ठाऊक होतं. चहावाला माझ्याकडून पैसे घ्यायला लाजायचा. मीही फार आग्रह करायचो नाही.

या कामात एक खुबी असते. प्रश्नाचा पहिला भाग 'हे खरे आहे काय' असा असतो. त्यातला एक शब्द जरी सरकारी दप्तराशी जुळला नाही, तरी खातं 'हे खरे नाही' असं लिहून मोकळं होतं आणि खालच्या सगळ्या भागांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' असं छापून येतं. लोक बोलतात तसं लिहून चालत नाही. मी ते अधिवेशनामागून अधिवेशन उत्तरांच्या याद्या चाळून शिकलो होतो, आणि मला त्याचा गर्व होता.

माझी बायको गावात अंगणवाडी चालवायची. दहावी झालेली. मी एम.ए., बी.एड. हे मी इथं उगाच सांगत नाही, तेव्हा मी ते रोज मनातल्या मनात घोकायचो.

आमच्या गावातली नर्स बदलून गेली होती आणि दोन वर्षं तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. बरोबर गेलेल्या लेकरांची गोवराची लस हमखास चुकायची. परत आली की टोचणारं कुणी नसायचं. बायकोनं तो विषय लावून धरला होता. ऊसतोडीच्या टोळ्या परतायच्या आत गावात नर्स पाहिजे, एवढं एकच तिचं मागणं. मी म्हणालो, नागपूरच्या अधिवेशनात टाकू, तू मुद्दे लिहून दे. तिनं वजनाच्या तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. मी तो न वाचताच खिशात घातला.

कचेरीत मी तो काढून टेबलावर ठेवला, तर साहेबांनीच उचलला आणि मोठ्यानं वाचला. 'आमच्या गावच्या दवाखान्याला नर्सअभावी दोन वर्षं कुलूप आहे, हे खरे आहे काय? असल्यास, टोळ्या परततील तेव्हा लस न टोचलेल्या लेकरांना कुणी टोचायचं? टोचणारं माणूस गोवराच्या आधी येणार का नंतर?'

साहेब खदखदून हसले.

"आधी येनार का नंतर! सर, हे तुमचं न्हाई. कुनाचं हाय?"

"घरातलं," मी म्हणालो.

"वैनींचं? आरं बाबा! इतकी वर्सं तुमी लिवताय, पन वाचताना आमाला असं कदी झालं न्हाई बगा. गाव डोळ्यापुढं हुबं राह्यलं. हे आसंच पाठवा. एक अक्षर बदलू नका."

कचेरीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चहावाल्यानंसुद्धा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं मी 'तथापि' आणि 'यास्तव' जागच्या जागी बसवले, मंत्रालयातल्या बाबूंना घोळात घेतलं, आणि कौतुक कुणाचं, तर तक्त्यामागे खरडणाऱ्या बाईचं! मी हसलो, पण ते तोंडदेखलं होतं.

वास्तविक साहेबांकडून तो कागद परत हातात घेताच मला चूक दिसली होती. गावातल्या त्या दोन खोल्यांना सगळे दवाखाना म्हणत. सरकारी दप्तरात ते 'आरोग्य उपकेंद्र' होतं, आणि नर्स नव्हे, 'आरोग्य सेविका'. दवाखाना हा सरकारच्या लेखी निराळाच प्रकार, तो आमच्या गावात कधी नव्हताच. दोन शब्द बदलायचे होते. पेन माझ्या खिशाला होतं.

साहेबांनी एक अक्षर बदलू नका म्हटलं होतं ना? नाही बदललं. फक्त 'आमच्या गावच्या' या जागी तालुका आणि गावाचं नाव घातलं, तेवढ्यावाचून इलाज नव्हता. बाकी जसंच्या तसं उतरवलं, साहेबांची सही घेतली आणि बूथवर जाऊन फॅक्स केलं. कागद त्या यंत्रात हळूहळू आत जात होता तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या वेळी मला बायकोचं उतरलेलं तोंड दिसत होतं, लेकरं नव्हे.

घरी मी तिला सांगितलं, साहेबांना आवडलं. ती इतकी हरखली की त्या दिवशी तिनं पुरणाचा घाट घातला. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

होळीच्या सुमारास उत्तर छापून आलं. '(१) हे खरे नाही. सदर गावी शासकीय दवाखाना अस्तित्वात नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' गावात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पारावर एकजण म्हणाला, "आमी औशिद आनायला गेलतो ते काय सपनात गेलतो काय बे?" बायको मात्र हसली नाही. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "आता?"

"आता पुढच्या खेपेला," मी म्हणालो. "शासकीय भाषेचं असंच असतं. सरावाचं काम आहे ते." हे म्हणताना माझा आवाज किती गोड झाला होता, ते मला अजून ऐकू येतं.

मग मी स्वतः प्रश्न लिहिला. उपकेंद्र, आरोग्य सेविका, रिक्त पद, सगळं चोख. पण सरकारी उत्तर काही जीपगाडी नव्हे, की हात केला आणि थांबली. वैशाखात टोळ्या परतल्या आणि आठवड्याभरात गोवर उठला. बायको घरोघर फिरत होती. तिच्या अंगणवाडीतली एक तीन वर्षांची पोर फारच आजारी पडली. बायकोनं तिला तिच्या आईबरोबर जीपमध्ये घालून अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथं पाच दिवस राहिली. पोर वाचली. उजवा डोळा मात्र गेला.

पावसाळ्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं. 'होय, हे खरे आहे. पद भरण्यात येत आहे.' आणि खरंच महिन्याभरात नर्स आली. गावानं माझा सत्कार ठेवला. साहेब आले, शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "सरांच्या लेखनीनं नर्स आनली." टाळ्या पडल्या. बायको बायकांमध्ये बसली होती, तिनंही वाजवल्या. तिचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हाही भीती होती, की साहेबांना त्या तक्त्यामागच्या ओळी आठवतील आणि ते पुन्हा तिचंच कौतुक करतील.

घरी आल्यावर तिनं शाल माझ्या हातून घेतली आणि पलंगावर ठेवली.

"आवो, एक इचारू का? म्या पैल्यांदा लिवलं त्यात दवाखाना म्हनलं होतं. तुमाला तवाच कळलं न्हाई व्हय?"

"घाई होती," मी म्हणालो. "नजरेतून सुटलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, तसं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"लगीन झाल्यावर पैल्या पंचमीला म्या म्हायेरून तुमाला पत्र लिवलं होतं," ती म्हणाली. "करमत न्हाई, लौकर न्यायला या, म्हनून. तुमी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त करून तेच पत्र परत धाडलं होतं. सतरा चुका निगाल्या होत्या. त्यातली एक सुटली न्हवती तुमच्या नजरंतून."

मी पलंगावरची शाल उचलून घडी घालू लागलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर तिनं मला कधी काही लिहून दाखवलं नाही, माहेरी गेली तरी बूथवरून फोन करायची.