धनुष्याच्या पाठीचा खण

माझा नवरा फर्निचर करतो. सापगावात रस्त्याला लागून त्याची शेड आहे आणि शेडच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. त्याच्या लाकडाचा आणि माझ्या कापडाचा संबंध इतकी वर्षं एवढाच होता, की त्याचा भुसा माझ्या ब्लाउजांवर उडायचा आणि त्यावरून आमचं वाजायचं. मग वैशाखऱ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये त्याने कपाटं बसवली आणि तिथल्या मॅनेजरने विचारलं, धनुष्यबाण जमतील का. पाहुण्यांना गवताच्या भाऱ्यावर बाण मारायचे होते. नवरा कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. लग्न ठरवतानाही तो सगळ्याला ‘जमेल’च म्हणाला होता.

बांधावरच्या धामणीच्या झाडाची फांदी सावलीत वाळवून त्याने पहिलं धनुष्य केलं. दिसायला देखणं होतं. रिसॉर्टवर दुसऱ्याच पाहुण्याने ते ओढलं आणि त्याच्या ढलप्या उडाल्या. माणसाला काही झालं नाही, फक्त गॉगल पडला. पण तो दिवसभर भेटेल त्याला आपण मरणाच्या दारातून परत आल्याचं सांगत होता, असं मॅनेजर म्हणाला.

नवऱ्याने मोबाइलवर शोध घेतला. धनुष्याला पाठ आणि पोट असतं म्हणे. ओढणाऱ्याकडे असतं ते पोट, पलीकडची ती पाठ. ताण पाठीवर येतो, म्हणून पाठीला कापड चिकटवतात, म्हणजे ढलपी उठत नाही. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत ताण कायम पोटावरच येतो, पण ते असो. तो पहिल्यांदाच भुसा झटकून माझ्या मशीनपाशी आला.

“कापड दे कायतरी. मॅनेजर बोलला, जरा ट्रायबल दिसला पायजे.”

“वरच्या आदिवासी वाडीतल्या बाया मुरबाडच्या बाजारातल्या नायलॉनच्या फुलाफुलांच्या साड्या नेसतात,” मी म्हटलं. “तसलं देऊ?”

“तसला नको. टीव्हीतला ट्रायबल.”

हळदीकुंकवात मिळालेल्या ब्लाउजपीसांची माझ्याकडे चळत होती. ही कापडं कोणी शिवत नाही. ती या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि एखाद दिवशी आपणच दिलेलं आपल्याला परत येतं. मी त्यातलं एक झगमगीत नवऱ्याला दिलं. त्याने सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने ते फळकुटावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी टोक धरून ओढलं तर दुधावरच्या सायीसारखं अख्खं निघून आलं. पॉलिस्टर गोंद पीत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. त्याने मात्र दोष गोंदाला दिला.

मग गोंदाचा शोध सुरू झाला. दोन ट्यूब एकत्र करायचा गोंद आणला. त्याने कापड घट्ट बसलं, पण भजी बांधलेल्या कागदासारखं तेलकट काळपट झालं. मग तो शहापूरहून सरस घेऊन आला. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करतात तो जुना गोंद. खरे कारागीर हाच वापरतात, असं मोबाइलने सांगितलं होतं. माझ्याच पातेल्यात, माझ्याच गॅसवर त्याने तो उकळायला ठेवला. नेमका सासूबाईंचा श्रावणी सोमवार. त्या देवापुढून उठून आल्या.

“घरात काय मेला रे?”

“काय नाय मेला, आई. मेलेलाच उकळतोय.”

पातेलं अंगणात गेलं आणि पुन्हा स्वयंपाकघरात आलं नाही. सरसाने कापड छान धरलं, पण आमच्या हवेत त्या दिवसांत पापडसुद्धा चादरीसारखे मऊ होतात. चार दिवसांत सरस ओलावा पिऊन सैल झाला.

कापडांमध्ये रेशीम सगळ्यात चिवट, असं नवरा एकदा जेवताना म्हणाला. सासूबाईंनी ते ऐकलं आणि जेवण झाल्यावर ट्रंकेतून त्यांचा लग्नातला शालू काढून आणला. सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. हा शालू त्यांनी स्वतः कल्याणला जाऊन निवडला होता, आणि तो अस्सल रेशमी आहे हे आमच्या आळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

“हा काप,” त्या म्हणाल्या. “मी आता कुठं नेसणार?”

शिवणारी बाई कापडावर असा विश्वास टाकत नाही. मी आतल्या काठाचा एक धागा उसवला आणि काडी लावली. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख होते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. प्लास्टिकची बादली जळाल्यासारखा वास सुटला. नवरा उगाच छताकडे बघायला लागला.

“रेशीमच आहे,” मी म्हटलं. “जुनं झालंय म्हणून असं होतं.”

“खोटं नको बोलू गो. पयली इस्त्री फिरवली तवाच चिकटला व्हता. तवाच मला कळला.”

“मग इतकी वर्षं सगळ्यांना रेशमी म्हणून सांगत होतात तुम्ही?”

“ते दर लग्नाला इचारायचे, शालू नेसतेस ना? त्यांचा तोंड असा खुलायचा. दुकानदारानं फसवला, हे त्यांना कशाला सांगू?” त्या शालूची घडी घालत होत्या. “मे महिन्यातल्या लग्नात मात्र मरायची पाळी. जरा वारा शिरत नाय त्यात.”

आणि त्या हसायला लागल्या. मग आम्हीही हसलो, नवरा सगळ्यात शेवटी. शालू कापायचा विषय तिथेच संपला. तो फसवणुकीचा असला तरी सासऱ्यांनी आणलेला होता, आणि माझी कात्री तेवढी निर्लज्ज नाही.

रविवारी आम्ही दोघी मुरबाडला गेलो. दुकानदाराने खणांचा ढीग टाकला आणि सगळे शुद्ध सुती असल्याची ग्वाही दिली. सासूबाईंनी त्याच्याकडे काडेपेटी मागितली. तो बिचारा उदबत्ती लावायची असेल समजून देवाकडे बघायला लागला. मी त्यांना आवरलं आणि कापड बोटाने ओलं करून पाहिलं. पाणी लगेच मुरलं. डाळिंबी रंगाचा, हिरव्या काठाचा सुती खण घेतला.

पट्ट्या कशा कापायच्या यावर शेवटचं भांडण झालं. नवरा म्हणे आडव्या काप, कापड कमी वाया जाईल. मी म्हटलं, उभा धागाच ताण घेतो, आडवा ताणला जातो. तुमच्या रंध्याला मी कधी हात लावला का? त्याने कात्री माझ्याकडे सरकवली. मी उभ्या धाग्यात दोन पट्ट्या कापल्या आणि सांधा मुठीखाली लपवला. शेवटी पांढरा गोंदच घेतला, थोडं पाणी घालून. आधी नव्या धनुष्याच्या लाकडाला पाजला, मग कापडाला, आणि अंगठ्याने मधून टोकाकडे दाबत फुगे काढले. जुन्या साडीच्या चिंध्यांनी गुंडाळून धनुष्य आठवडाभर सुकवलं आणि वर वॉर्निश दिलं. नवऱ्याने ते ओढ ओढ ओढलं. कापड हललं नाही. मग सासूबाईंनी ओढून पाहिलं आणि त्यांचा बाण शेजाऱ्यांच्या दुधी भोपळ्यात घुसला. तो भोपळा आम्हीच खाल्ला.

अशी तीन धनुष्यं रिसॉर्टला गेली. महिनाभराने कपाटाचं दार दुरुस्त करायला गेलो, तर तिन्ही स्वागतकक्षाच्या भिंतीवर टांगलेली. मॅनेजर म्हणाला, मारायला देत नाही, खराब होतील, लोक यांच्यासोबत फोटो काढतात. नवऱ्याचं तोंड कडू झालं. एक बाई खणावरून हात फिरवत मला विचारत होत्या, ही कुठली पारंपरिक कला आहे.

“सापगावची,” मी म्हटलं. “गेल्या श्रावणापासूनची.”

त्यांनी मान डोलावली आणि ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. तोवर नवऱ्याने मॅनेजरला विचारून एक धनुष्य खाली काढलं होतं आणि तो बाहेर गवताच्या भाऱ्यासमोर उभा राहिला होता. त्याचे पहिले दोन बाण झाडीत गेले. तिसरा लागला. मग पाहुण्यांची रांग लागली. दार दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली.