पंप झोपला नव्हता

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला आमच्या मुलुंडच्या सोसायटीने सोलर गीझरवाल्या काकांना गच्चीवर कामचोर म्हटलं. का? तर नळाला गार पाणी आलं. ओरडून सगळे खाली गेले. वर काकांसोबत उरलो मी आणि सेक्रेटरी.

साकीनाक्याहून येणारे हे काका आधी चपला काढतात, मग पाइपावर तळवा ठेवतात. त्याआधी एक शब्द बोलत नाहीत. त्या दिवशीही तसंच केलं, मग पंपाच्या कंट्रोलरचं झाकण उघडलं. बटण ‘ऑटो’वर नव्हतं.

“काल संध्याकाळी पंप झोपला होता ना, म्हणून मीच चालू केला,” सेक्रेटरी म्हणाले.

“झोपला नव्हता, साहेब. पॅनेल टाकीपेक्षा गरम झालं की तो फिरतो, नाहीतर थांबतो. तुम्ही रात्रभर गरम पाणी थंड पॅनेलांतून फिरवलंत.”

काकांनी बटण ‘ऑटो’वर आणलं. जिन्यात भेटलेल्या आजींना म्हणाले, “माझ्याकडून राहिलं, आजी. उद्या गरम येईल.” सेक्रेटरी शेजारीच होते!

काकांचा हा चांगुलपणा मला पटत नाही. त्यांना काढायचा ठराव येत्या रविवारी मांडला जाणार आहे. सभेला या आणि ठरावाविरुद्ध हात वर करा.