भागूबाईनं चाखलेली बाटली

बोरतळ्यातली गडीमाणसं वारं कुणीकडून वाहून राहिलंय ते पाहूनच भागूबाईच्या अंगावरून जायची. वारं तिच्याकडून येत असलं तर खुशाल राम राम, जयभीम घालायची. वारं तिच्याकडं जात असलं तर गल्ली बदलायची. कारण बाईचं नाक तसलंच. कुणी काय पेलंय, कुठली पेलीय अन् वरून बडीशेप खाल्ली का कांदा, हे ती दहा पावलांवरून सांगायची. सांगायची म्हणजे ओरडायचीच.

हे नाक काही दारूपायी तयार झालेलं नव्हतं. उभी जवानी तिनं लोकांच्या हळदी शिजवण्यात घातली. कढईवरचं गोणपाट उचललं की वाफेच्या वासावरून तिला हळद शिजल्याचं कळायचं, बोट लावायची गरज पडायची न्हाई. अन् घरी आंबील. ज्वारीचं पीठ तीही भिजवायची अन् शेजारीणही भिजवायची, पण भागूबाईच्या गाडग्यातल्या आंबिलीला जी चव यायची ती वस्तीत दुसरीकडं न्हाई. गावातली रुख्मिणीबाई, चांगल्या जमीनदार घरची सून, तिचाही तांब्या भागूबाईच्या दाराला यायचा. सासू जित्ती होती तवर लपून, पदराखाली. सासू गेल्यावर उघड्यावर.

नवरा कोंडीबा डोंगरकड्याच्या बाजारात हमाली करायचा, अन् येताना हरिचंदच्या दुकानात थांबायचा. दुकान सरकारी परवान्याचं, देशी दारूचं, गावाच्या तोंडालाच. त्यामुळं पगार घरी येण्याआधी हरिचंदच्या घरी जायचा. दोन हजार चारच्या साली, दुकान ठेवायचं का बंद करायचं यावर बायांचं मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक बाटली उभी, एक आडवी. भागूबाईनं वस्तीतल्या अन् गावातल्या बाया एका रांगेत उभ्या केल्या. रुख्मिणीबाई तिच्या मागं अन् तिच्यामागं वस्तीतली गोजरबाई. आडवी बाटली निवडून आली. हरिचंदनं दुकानाला कुलूप लावलं अन् तिथंच किराणा घातला. कोंडीबाची दारू सुटली, पण काही निर्धार-बिर्धार करून न्हाई. दुसरं दुकान पार कळमनुरीच्या वाटेला, अन् कोंडीबाला चालायचा लई कंटाळा. आळसानं सुटली. भागूबाई म्हणायची, "कशानं का सुटंना, सुटली ना?"

पण परवाना गेला म्हणून बाटल्या थोड्याच जातात. जीपमधून, दुधाच्या कॅनमधून, लग्नाच्या बस्त्यातून येतच राहिल्या. मग बायांनी एक रीत पाडली. बाटली कुणाचीही सापडो, ती दिवसाउजेडी हापशाजवळच्या नालीत रिकामी करायची, अन् ज्याच्या घरात सापडली त्याच्याच घरच्या बाईनं आपल्या हातानं करायची. गोजरबाईच्या पोरानं स्वतःच्या हळदीला रमची पेटी आणली तवा गोजरबाई हातापाया पडली. "भागूबाई, पाव्हणे आलेत गं, आजचा दिस राहू दे." भागूबाईनं राहू दिलं न्हाई. गोजरबाईनं वरमाईच्या पातळात नालीवर बसून सगळ्या बाटल्या ओतल्या. त्या दिवसापासून ती भागूबाईशी बोलायची, पण कामापुरतंच.

आता करुणाचं. करुणा ही भागूबाईची एकुलती एक लेक. परभणीच्या कृषी विद्यापीठात धान्यापासून खायचं-प्यायचं कसं बनवतात ते शिकली, पहिली आली, अन् सरकारच्या स्कॉलरशिपवर बेल्जियमला गेली. बोरतळ्यात कुणाला त्या देशाचं नाव धड घेता यायचं न्हाई. फोनवर भागूबाईनं विचारलं, "बाई, तिथं काय शिकून राहिलीस?"

"आंबवणं शिकून राहिले, माय."

भागूबाईनं ते सगळ्या गावात सांगितलं. लोक हसले. कुणी म्हणालं, आंबील शिकायला इमानात बसून गेली का पोरगी? भागूबाईला त्याचं काही वाटलं न्हाई. आपल्या गाडग्यातली विद्या सातासमुद्रापार कॉलेजात शिकवतात, हे ऐकून तिची मान उलट ताठच झाली.

शिक्षण संपवून करुणा आली ती ऐन उन्हाळ्यात. दुपारी जेवणं झाली अन् तिनं बॅगेतून एक स्वेटर काढला. स्वेटरच्या आतून बाटली निघाली. जाड काचेची, काळीशार, बुचाला तारेची जाळी.

भागूबाईच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"काय गं हे?"

"बीर हाय, माय. म्या स्वतः बनवलेली. धान्य भाजण्यापासून सगळं म्याच केलं. अन् मंग लाकडाच्या पिंपात ठिवली, दोन पावसाळे. तिथं आंबट करायची रीत हाय. काळी आंबट बीर."

कोंडीबा भिंतीला टेकून पेंगत होता, तो सरळ झाला. "कुठं? पाहू."

"तुमी गप बसा वो!" भागूबाई कडाडली. मग लेकीकडं वळली. "दारू शिकाया गेली व्हतीस? अन् म्या गावभर सांगून राहिले, आंबवणं शिकते माही लेक म्हनून!"

"आंबवणंच हाय ते. तुह्या आंबिलीत जे जित्तं असतंय, तसलंच त्या पिंपात असतंय. फकस्त जास्त दिस."

"अन् पेतीस तू?"

"चाखावं लागतंय. कामच हाय ते."

"मंग विहारात दारू न पेयाचं पाचवं शील म्हनताना तोंड उघडतंय का तुहं?"

करुणानं बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "उघडतंय. झिंगाया न्हाई पेत म्या."

"ते तुहं तू पाहा," भागूबाई म्हणाली. पण बाटलीवरची नजर काही हलत नव्हती.

"माय, एक सांगू का? तिथं वर्गात ही सगळ्यांनी चाखली. मास्तरांनी चाखली, चांगले गुण भेटले. पण ज्या लोकांनी माही पहिली बीर चाखली, त्यांना काय ठावं म्या कुठून शिकले? आंबलेलं कवा झालं अन् कवा बिघडलं, हे म्या कोणाच्या मांडीवर बसून शिकले? तू एक डाव जिभेला लाव. मंग फेकून दे, फोडून टाक, काय बी कर. न्हाईतर म्या तशीच बॅगेत ठिवते, कोणाला दिसायची न्हाई."

भागूबाईला दोन ठिकाणी लागलं. चाखावी तर शील मोडतंय, अन् चाखू नये तर लेकीच्या कामाकडं पाठ फिरवल्यासारखं होतंय. त्याच्याही वरताण ते दुसरं, बॅगेतलं. गोजरबाईला वरमाईच्या पातळात नालीवर बसवणाऱ्या बाईच्या घरात बाटली लपलेली? अन् चार सालं कोरडा राहिलेला नवरा त्या बॅगेपासून हातभर अंतरावर पेंगलेला?

"लपवायची न्हाई," ती म्हणाली. "ऊन उतरू दे. हापशावर जाऊ."

"अन् चाखशील?"

"आधी हापशावर तर चल."

ऊन उतरलं तशी भागूबाई बाटली छातीशी न धरता, पदराखाली न घेता, हातात उंच धरून गल्लीतून निघाली. मागं करुणा, तिच्यामागं कोंडीबा. हापशावर बायांची पाण्याची गर्दी होती. भागूबाईच्या हातातली बाटली पाहून हंडे जागच्या जागी राहिले.

"कोणाच्या घरात सापडली गं?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"माह्या."

मग हापशासमोरच्या किराण्याच्या फळीवरून हरिचंदचा आवाज आला. तो तराजू सोडून फळीवर येऊन उभा राहिला होता. "वा भागूबाई! माहं दुकान बंद केलं अन् आता तुमी लेकीच्या हातानं फॅक्टरी काढता का? माल इदेशी दिसतोय. मला एजन्सी द्या!"

"इथं ये, हरिचंद," भागूबाई म्हणाली. "आलास तर बरं व्हईल. समद्यांनी ऐका. ही बीर हाय. धान्य भाजून केलेली, लाकडाच्या पिंपात दोन पावसाळे ठिवलेली. करणारी माही लेक, करुणा. तिनं चोरून आणली न्हाई अन् इकाया आणली न्हाई. आपल्या रितीपरमानं ही नालीत जाणार, अन् म्या माह्या हातानं घालणार. पण लेक म्हणते, आधी म्या चाखावी."

बायांत एकदम कालवा उठला. कुणी म्हणे चाखणं म्हणजे पिणंच. कुणी म्हणे परदेशातून आणलेली वस्तू, पोरीची मेहनत, ओतायची कशाला, काचेच्या कपाटात ठिवा. भागूबाईनं त्या दुसरीला तिथंच तोडलं, "गोजरबाईची पेटी कपाटात ठिवली व्हती का?"

गोजरबाई आतापर्यंत हंड्यावर हात ठेवून नुसती पाहत होती. आता बोलली. "ओतायचं ते ओतच. पण चाखायचं काय? उपास असला म्हनून घरच्यांसाठी केलेल्या भाजीचं मीठ चाखत न्हाईत का आपण? तळहातावर घेतो, जिभेला लावतो अन् थुकतो. उपास मोडतो का त्यानं?"

"बराबर," रुख्मिणीबाई म्हणाली. "माहे सोळा सोमवार तसेच झाले."

"गिळली तर मात्र म्या सगळ्या गावात सांगीन," गोजरबाई म्हणाली.

"सांगच," भागूबाई म्हणाली.

करुणानं जाळी उलगडली, बुच अंगठ्यानं ढकललं. फट्‌कन आवाज झाला. दोन बाया मागं सरल्या, एकीचा हंडा कलंडला. बाटलीच्या तोंडाशी तपकिरी फेस आला. कोंडीबा इंचाइंचानं पुढं सरकून राहिला होता. "भागा, वास तरी घिऊ का? नुसता वास?"

"वाऱ्यावर येईल तेवढा घ्या. तिथंच थांबून."

भागूबाईनं आधी नाकाशी नेली. सवयीनं नाक आकसून घेतलं होतं, पण आकसलेलं नाक हळूहळू सुटं झालं. हातभट्टीतल्या नवसागराचा तो डोळ्यात शिरणारा वास न्हाई, सडक्या गुळाचा न्हाई. तिनं करुणाकडून तळहातावर घोटभर ओतून घेतली. काळी दिसत होती, पण उन्हाकडं हात केल्यावर कडेला लालसर, पिकल्या जांभळाच्या पाण्यासारखी. जिभेवर घेतली. डोळे मिटले. गालाच्या आतून फिरवली. बाया तिच्या गळ्याकडं पाहत होत्या, घाटी हलते का म्हणून.

आधी आंबट आलं, चिंचेच्या कोळासारखं, पण त्याच्यासारखं दात शिवशिवणारं न्हाई. मग तव्यावर थोडी जास्त राहिलेल्या भाकरीचा तो काळा पापुद्रा. त्याच्या मागून लाकूड, पहिल्याच पावसात भिजलेल्या बैलगाडीच्या चाकाचा वास असतो तसलं. अन् पार शेवटी, जीभ कोरडी व्हायला लागल्यावर, काकवीसारखं काहीतरी गोड, आलं न आलं तोच गेलं. एकामागं एक, रांगेनं. एकानं दुसऱ्याला ढकललं न्हाई. भागूबाईनं आजवर ज्या दारूचा वास घेतला ती सगळी तीन-चार दिवसांत उरकलेली, आत काय काय घालून जहाल केलेली. हिच्यात कुणी घाई केली नव्हती. दोन पावसाळे पिंपाजवळ जाऊन कान लावत, वास घेत, आज न्हाई, अजून न्हाई, असं म्हणत थांबणारं माणूस तिला त्या घोटात बराबर सापडलं. ते तिच्याच मांडीवर वाढलेलं होतं.

ती वाकली अन् नालीत थुंकली. चांगली दोनदा. हापसा मारून चूळ भरली.

"गिळली न्हाई," गोजरबाईनं जाहीर केलं.

"काय गं, कशी हाय?" रुख्मिणीबाईला दम निघंना.

भागूबाईनं करुणाच्या हातून बाटली घेऊन उलटी केली. ती पुरी रिकामी होईस्तोवर हात हलू दिला न्हाई. नालीत काळा फेस उठला अन् त्याचा वास हापशाभोवती पसरला. बाया पदर नाकाला लावायच्या ऐवजी माना पुढं करून उभ्या राहिल्या. हरिचंदही फळीवरून उतरला होता. त्यानं आयुष्यभर बाटल्याच विकल्या, त्याला कळलं असावं. "च्यायला," तो म्हणाला, "हे तर येगळंच हाय," अन् आपल्या गिऱ्हाइकाकडं परत गेला.

गोजरबाई हंडा डोक्यावर घेता घेता थांबली. "भागूबाई, चहाला ये उद्या. पोरीला घिऊन ये."

"येते."

घराकडं निघाल्यावर करुणा रिकामी बाटली हातात घेऊन चालत होती. कोंडीबा मागं रेंगाळत होता, वळून वळून नालीकडं पाहत. गल्लीच्या कोपऱ्यावर करुणाला राहवलं न्हाई.

"माय, खरं सांग. आवडली का?"

"न्हाई," भागूबाई म्हणाली. "लई आंबट. अन् मला ते लाकूड तोंडात नको वाटतंय."

करुणाचं तोंड उतरलं.

"तोंड काहून पाडतीस? म्या काय आवडाया चाखली व्हती व्हय? तुला येतंय का न्हाई ते पाह्याला चाखली." भागूबाईनं लेकीच्या पाठीवर हात टेकवून तिला पुढं ढकललं, अन् मागं वळून नवऱ्याला हाक मारली, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "चला वो लवकर! लेकीला येतंय समदं. बराबर येतंय!"