गोपालकाकांचं सरळ अक्षर

छापलेला कोणताही कागद हाती पडला की गोपालकाका तो कपाटाला टेकवून उभा करायचे, उलट्या पावली दारापर्यंत जायचे आणि तिथून वाचता येतो का ते पाहायचे. नाही आला, तर छापणाऱ्याचा उद्धार. म्हसावदच्या बाजारात त्यांचं छपाईचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बोलणं पक्कं अहिराणी. मी शाळामास्तर, प्रश्नपत्रिका छापायला जायचो आणि चहा-गप्पांत अडकायचो.

"सर, मानूसले नाव दिसाले पाहिजे, अक्षरना नखरा नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नपत्रिकांतल्या वेलबुट्टीदार अक्षरांवर पोट भरायचं आणि त्यांनाच शिव्या घालायच्या, असा सगळा कारभार. फावल्या वेळात ते संगणकावर स्वतःचं अक्षर घडवत. सगळ्या रेघा एका जाडीच्या, ना बोरूचा फुगवटा, ना टोकाला शेपटी. 'घ' आणि 'ध' लांबूनही वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं घालवली. औषधाच्या दुकानाची पाटी, एस.टी.चं वेळापत्रक, पोरांची पुस्तकं, सगळं त्या अक्षरात यावं ही त्यांची इच्छा.

सुरुवात शुभकार्याने करायची म्हणून लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी त्यात छापली. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, वर एवढासा गणपती. "रंग कशाले? अक्षरच बोली!" म्हणाले. इतका खूश माणूस मी क्वचितच पाहिला असेल.

पण आमच्याकडे असं साधं, काळ्या अक्षरांचं कार्ड येतं ते मयताचं. नवऱ्यामुलाच्या आजीने पाकीट उघडलं आणि वाचण्याआधीच गळा काढला, "कोन गयं वो माय?" व्याह्यांचा फोन आला. काकांनी लाल-सोनेरी पत्रिका नव्याने छापल्या. लग्न छान झालं. अक्षराला मात्र नाव चिकटलं. कुणी वारलं की लोक येऊन म्हणत, "काका, तुमनं ते मयतनं अक्षर टाका." काका टाकत, आणि मन लावून टाकत.

काकांच्या नातीच्या बारशाला मी हट्टच धरला, "काका, कार्ड तुमच्याच अक्षरात." मला वाटलं, खुलतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"नको सर. धाकलं लेकरू शे. काही इपरीत व्हयनं तं?"

मी हसत वाद घालणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून हट्ट सोडला. ते खरोखर घाबरले होते. गाव काय, कशालाही नावं ठेवतं. पण काकांनाही ते पटलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

पुढे वर्षभरातच काका गेले. नातीचं कार्ड माझ्याकडे आहे. गुलाबी कागद, सोनेरी वळणं. तिचं नाव वाचायला मला ते दिव्याखाली तिरकं धरावं लागतं.