ओल्या बॉनेटवर

शंकर नगरातल्या माझ्या गॅरेजसमोर राहणाऱ्या बाबूजींचा मला अजून राग येतो. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर ते मंत्रालयात बदलून आले. गल्लीतल्या सगळ्या गाड्या रंगाला माझ्याकडे यायच्या. यांनी माझा भाव ऐकला, "हव, पाहू" म्हणाले आणि रविवारी फाटकाला लावायचा स्वस्त निळा इनॅमल आणि रोलर घेऊन अंगणात स्वतःच आपली गाडी रंगवायला लागले.

त्यांचं सगळंच संथ. रंग दुधासारखा पातळ करायचा, एक हात द्यायचा, वाळला की पाणी लावून पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा रोलर. चौथ्या रविवारी माझंच गिऱ्हाईक म्हणालं, "भैया, ये तो घर में ही हो जाता है!"

मी तडक त्यांच्या अंगणात गेलो.

"बाबूजी, माझा धंदा बुडवून राहिले का तुम्ही?"

"रागावता काहून, भाऊ? मले घासाले आवडते."

सौदा करताना बॉनेटवर थाप मारायची माझी जुनी सवय. मारली. रंग ओला होता. पाचही बोटं उमटली.

त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. मी हात पाठीमागे घेतला.

"अहो, हे कोनं केलं?"

"मीच. वाळलं का पाहून राहिलो होतो," ते म्हणाले आणि टर्पेंटाइनची चिंधी हळूच माझ्याकडे सरकवली.

मी ती घेतली नाही. गॅरेजात येऊन माझ्याच थिनरनं हात धुतला. नखांत निळा रंग राहिलाच. कोणत्या गाडीचा, म्हणून गिऱ्हाइकं विचारायची. मी एकालाही खरं सांगितलं नाही.