राजपुऱ्यातलं रेकॉर्डचं दुकान

जिथं लोक घ्यायला कमी आणि बसायला जास्त येतात, तिथं किस्से साचणारच. राजपुऱ्यातलं सुभाषकाकांचं जुन्या रेकॉर्डचं दुकान तसलंच. मी शाळेत शिकवते; रविवारी सुट्टी, म्हणून सकाळीच तिथल्या बाकावर जाऊन बसते. काका विकायची घाई करत नाहीत. रेकॉर्ड मागितली की आधी ऐकवतात, वर चहा पाजतात.

* * *

एकदा पूजा नावाची कॉलेजातली मुलगी मोबाईलवर फोटो काढायला आली. "काका, ये सच में बजती है क्या?" काकांनी एक लावली. दुसऱ्या गाण्याला तिनं विचारलं, "यात स्किप कसं करायचं?"

"उठायचं, इथवर यायचं, सुई उचलायची," काका म्हणाले. "बहुतेकांना तेवढ्यात गाणं आवडायला लागतं."

ती उठली, दोन पावलं आली आणि तिथंच उभी राहिली. आता मैत्रिणींना घेऊन येते आणि आमच्या आधी बाक पकडते.

* * *

ऐन कव्वालीत लाइट गेली. रेकॉर्ड रेंगाळत थांबली, पण बाकावरच्यांनी गाणं उचलून धरलं. समोरचा मावा-जिलेबीवाला झारा घेऊन दारात आला आणि तोही गायला लागला. लाइट आली, रेकॉर्ड थांबली होती तिथून सुरू झाली, आणि आम्ही दोन कडवी पुढं!

काकांनी हात वर केला. "थांबा रे, त्या कव्वालाला येऊ द्या."

* * *

डोईफोडिया गावचे देवराम पाटील केळी मंडीत उतरवली की दुकानात येतात आणि एक रेकॉर्ड घेऊनच जातात. फार उशिरा कळलं, त्यांच्या घरी प्लेयरच नाही.

"मग घेता कशाला?" मी विचारलं.

"पाहुणे येतात तर येऊ द्यावे, मॅडम. खाटेचं मग पाहू."

तेव्हापासून काका फावल्या वेळात एक बिघडलेला प्लेयर खोलून बसू लागले. तो जुळला तसे आम्ही सगळे जीपनं डोईफोडियाला गेलो. ओट्यावर प्लेयर ठेवला, अर्धं गाव जमलं. देवरामभाऊंच्या बायकोनं ढिगातली सगळ्यात खालची रेकॉर्ड ओढून काढली.

"ही पहिली आली होती," ती म्हणाली. "हिचा नंबर आधी."

* * *

चांदनी गावचे दोघे भाऊ, रामदास आणि एकनाथ. वडिलांना भजनांच्या रेकॉर्डचा भारी नाद. ते गेल्यावर वाटणीत भांडण झालं. थोरल्या रामदासांकडे प्लेयर गेला, धाकट्या एकनाथांकडे रेकॉर्ड. बोलणं बंद झालं आणि घरातलं गाणंही.

रामदास दुकानात आले ते वडिलांच्याच भजनांच्या रेकॉर्ड शोधत. काकांकडे त्या नव्हत्या. पुढं एकनाथ आले, प्लेयर विचारत. त्यांच्या बोलण्यातून काकांना सगळं उमगलं. मागच्या फळीवर प्लेयर होते, तरी ते म्हणाले, "आज नाही. रविवारी रेकॉर्ड घेऊन या." रामदासांना फोन केला, "प्लेयर आणा, सुई तपासून देतो."

रविवारी दोघं समोरासमोर आले. रामदास परत फिरायला लागले. काकांनी त्यांच्या हातातून प्लेयर घेतला, मांडला आणि एकनाथांकडची वरची रेकॉर्ड लावली. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले, मान खाली घालून. एक बाजू संपली. सुई नुसतीच खरखरत राहिली. काका जागचे हलले नाहीत. आम्हीही नाही.

शेवटी एकनाथ म्हणाले, "दादा, पलटव ना."